कळीचा चुना आणि केल्पचे अरण्य

लॉस एंजेलिस शहराच्या दक्षिणेला पालोस व्हर्डेस नावाचे खडकाळ भूशिर पॅसिफिक महासागरात शिरले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी या भूशिरासमोर केल्प या महाकाय समुद्रशैवालाचे दाट अरण्य उभे होते. पाण्याच्या पृष्ठभागावर त्याच्या तपकिरी, तकतकीत पात्यांचे छत पसरलेले असे आणि त्याखाली मासे, खेकडे, शेवंडे, अबॅलोनीचे शिंपले यांचा संसार चाले. १९६० च्या सुमारास तेथे उरले होते उघडे खडक आणि त्यांवर खिळ्यांसारखे काटे उभारून बसलेले हजारो सी अर्चिन. हे अरण्य नेमके कशाने गेले आणि ते परत आणता येईल काय, या दोन प्रश्नांच्या मागे ज्याने आपली उणीपुरी चार दशके घालवली, तो व्हीलर नॉर्थ मूळचा विजेचा अभियंता होता.

नॉर्थ यांचा जन्म १९२२ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाला. पॅसाडेना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे सर्वांना परिचित असलेली कॅलटेक, या संस्थेतून त्यांनी १९४४ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. महायुद्धानंतरच्या अमेरिकेत अशा पदवीधराला नोकरीची ददात नव्हती. तरीही ते त्याच संस्थेत परतले, जीवशास्त्राची दुसरी पदवी त्यांनी १९५० मध्ये मिळवली आणि तेथून ला होया येथील स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत गेले. १९५३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली ती भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खडकांवर राहणाऱ्या चिमुकल्या गोगलगायींवरील अभ्यासासाठी. या गोगलगायी शैवाल खरवडून खाताना खडकही कणाकणाने झिजवतात. ती झीज किती, याचा हिशेब त्यांनी मांडला होता. चरणारा प्राणी लहान असला तरी तो भूमीचे रूप पालटू शकतो, हे त्यांना केल्पकडे वळण्याआधीच ठाऊक झाले होते.

त्या काळात स्क्रिप्समध्ये आणखी एक नवी गोष्ट आली होती. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली मोकळेपणाने फिरण्याचे साधन फ्रान्समध्ये तयार झाले होते आणि कॉनराड लिंबॉ या तरुण शास्त्रज्ञामुळे ते ला होयाला पोहोचले. तोवर केल्पचे अरण्य म्हणजे होडीतून दिसणारे छत आणि जाळ्यात अडकून वर येणारे तुकडे एवढीच ओळख होती. आता शास्त्रज्ञ स्वतः त्या अरण्यात उतरू लागले. पुढे १९६० मध्ये लिंबॉ फ्रान्समधील एका पाण्याखालच्या गुहेत बुडी मारत असताना मृत्युमुखी पडले. नॉर्थ मात्र म्हातारपणापर्यंत बुड्या मारत राहिले.

केल्पविषयी थोडे सांगायला हवे, कारण गोव्याच्या किनाऱ्यावर ते उगवत नाही. त्याला थंड आणि क्षारपोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी लागते. हणजूण, वागातोरच्या खडकांवर पावसाळ्यानंतर दिसणारे सारगॅसम हे तपकिरी शैवालांतले त्याचे दूरचे नातलग; पण ते वाढते हात-दोन हात. कॅलिफोर्नियातील महाकेल्प तीस-चाळीस मीटर लांब होते आणि अनुकूल स्थितीत त्याचे पाते दिवसाला सुमारे दोन फूट वाढू शकते. त्याला मुळे नसतात. दोरांच्या गुंतवळ्यासारख्या बुंध्याने ते खडकाला घट्ट धरून राहते आणि प्रत्येक पात्याच्या देठाशी असलेल्या वायूच्या फुग्यांमुळे उभे तरंगते. एवढ्या प्रचंड वनस्पतीची सुरुवात मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या बीजाणूपासून होते. त्या बीजाणूला स्वच्छ खडक आणि तळापर्यंत पोहोचणारा उजेड हवा असतो. खडकावर गाळाचा पातळ थर बसला किंवा पाणी गढूळ झाले, की पुढची पिढी जन्मतच नाही.

केल्पचा व्यापारही जुना होता. पहिल्या महायुद्धात त्यापासून पोटॅश आणि अ‍ॅसिटोन काढण्यासाठी सॅन दिएगोजवळ मोठा कारखाना चालला. नंतर अल्जिनेटसाठी त्याची कापणी सुरू झाली. आइस्क्रीम गुळगुळीत राहते त्यामागे बऱ्याचदा हाच पदार्थ असतो. केल्प कापणारी जहाजे छताचा वरचा थर, साधारण चार फुटांपर्यंत, छाटून नेत. हौशी मासेमारांची तक्रार अशी की या कापणीमुळेच मासे नाहीसे होत आहेत. कापणी करणाऱ्या कंपन्यांना ते मान्य नव्हते. हा वाद मिटवण्यासाठी १९५६ मध्ये स्क्रिप्समध्ये केल्प संशोधनाचा कार्यक्रम सुरू झाला आणि नॉर्थ त्यात आले.

वादातील कोणत्याच पक्षाच्या पदरात पूर्ण माप पडले नाही. छताची छाटणी योग्य रीतीने केली तर केल्प पुन्हा वाढते आणि माशांचे फारसे नुकसान होत नाही, असे अभ्यासातून दिसले. कंपन्यांना हे सोयीचे होते. पण अरण्ये आक्रसत होती, हेही खरे होते. मग दोष कोणाचा? शहरांचे सांडपाणी समुद्रात सोडणाऱ्या नळांकडे संशयाची सुई वळली. लॉस एंजेलिस परगण्याचे मैलापाणी १९३७ पासून पालोस व्हर्डेसच्या व्हाइट पॉइंट येथून समुद्रात जात होते आणि तेथील केल्प त्यानंतरच ओसरत गेले. तरीही सांडपाणी केल्पला थेट मारते असे प्रयोगांत स्पष्ट दिसेना. त्यातच १९५७ ते १९५९ या काळातील एल निनोने पाणी तापले आणि उरलेली अरण्येही कोलमडली.

उत्तराचा धागा सापडला तो एका दुर्घटनेत. मार्च १९५७ मध्ये टाम्पिको मारू हे तेलवाहू जहाज मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यावरील एका लहानशा खाडीच्या तोंडाशी खडकावर चढले आणि त्यातील डिझेल पाण्यात पसरले. नॉर्थ आणि त्यांचे सहकारी तेथे पोहोचले तेव्हा अबॅलोनी, शेवंडे, तारामासे, सी अर्चिन यांचा खच पडला होता. त्यांनी त्या खाडीत वारंवार जाऊन बुड्या मारल्या, आणि काही महिन्यांतच जे दृश्य दिसले ते अनपेक्षित होते. विषाने धुऊन निघालेल्या त्या तळावर केल्पची रोपे उगवली आणि बघता बघता खाडी अरण्याने भरून गेली. चरणारेच मेल्यामुळे वनस्पती मोकाट वाढली होती. पुढे काही वर्षांनी सी अर्चिन परतू लागले तशी तिची पीछेहाट झाली. तेलगळतीतून अरण्य उगवावे, हा निसर्गाचा विचित्र विनोदच म्हणायचा.

सी अर्चिन हा केल्पचा जन्मजात शत्रू नाही. दाट अरण्यात तो खडकांच्या फटीत बसून वाहून येणारी गळकी पाने खातो. कपारीतून बाहेर पडून तो थेट बुंधे कुरतडू लागतो, तेव्हा केल्प मुळापासून सुटून वाहून जाते. पूर्वी समुद्री पाणमांजरे सी अर्चिन फस्त करीत. पण अठराव्या-एकोणिसाव्या शतकात फरसाठी त्यांची अशी शिकार झाली की दक्षिण कॅलिफोर्नियात ती नाममात्रही उरली नाहीत. एवढ्याने कोडे सुटत नव्हते. सगळे केल्प खाऊन संपल्यावर सी अर्चिननी उपाशी मरायला हवे होते आणि जागा पुन्हा मोकळी व्हायला हवी होती. सांडपाण्याच्या नळांजवळ ते मरत नव्हते. त्याचे कारण नॉर्थ यांनी असे मांडले की मैलापाण्यात विरघळलेली अमिनो आम्ले हे प्राणी कातडीवाटे शोषून घेतात आणि त्यावर तग धरतात. म्हणजे शहर आपल्या सांडपाण्याने केल्पच्या शत्रूची पंगत मांडून बसले होते. नळांलगतचे गढूळ पाणी आणि तळावरील गाळ नव्या रोपांना उगवू देत नव्हते. जी उगवत ती सी अर्चिनच्या पोटात जात.

नॉर्थ यांच्यातला अभियंता येथे जागा झाला. निदान झाले तर उपचार केला पाहिजे, ही त्यांची वृत्ती. १९६३ च्या सुमारास ते कॅलटेकमध्ये परतले, कोरोना देल मार येथील संस्थेच्या सागरी प्रयोगशाळेत त्यांनी तळ ठोकला आणि केल्पची अरण्ये पुन्हा उभी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पहिले हत्यार होते साधा हातोडा. पाणबुडे तळाशी जाऊन एकेक सी अर्चिन फोडत. पण एकरांनी पसरलेल्या ओसाड तळावर हातोडा कितीसा पुरणार? दुसरे हत्यार होते कळीचा चुना. अटलांटिक किनाऱ्यावर कालवांच्या बागा तारामाशांपासून वाचवण्यासाठी तो आधीपासून वापरला जाई. होडीतून टाकलेले चुन्याचे कण सी अर्चिनच्या अंगावर पडले की कातडी भाजते, जखमा चिघळतात आणि प्राणी मरतो. सॅन दिएगोजवळच्या पॉइंट लोमा येथे हा उपाय मोठ्या प्रमाणावर झाला, केल्पचा व्यापार करणाऱ्या केल्को कंपनीने त्याला हातभार लावला आणि साठच्या दशकाअखेर तेथील अरण्य सावरले. चुना तारामाशांनाही भाजतो, हे लपून राहिलेले नव्हते. आजच्या कसोटीवर हा उपाय आडदांड ठरेल. त्या वेळी समोर दुसरा कोणता उपाय होता, हेही पाहावे लागते.

पालोस व्हर्डेस एवढ्यावर वश झाले नाही. तेथे आसपास केल्पच शिल्लक नसल्याने बीजाणू येणार कोठून, हा प्रश्न होता. नॉर्थ यांनी दुसरीकडची वाढलेली झाडे उपटून आणली आणि साखळ्यांना, खडकांना बांधून तेथे लावली. सी अर्चिनपासून वाचलेली झाडे माशांनी खाल्ली. पाने कुरतडणारे मासे अरण्यात विखुरलेले असतात तेव्हा त्यांचा उपद्रव जाणवत नाही. ओसाड समुद्रात चार झाडे दिसली की सगळा थवा त्यांच्यावर तुटून पडतो. धडा असा मिळाला की लावायचे तर पुष्कळ लावावे लागते. मग नॉर्थ यांनी प्रयोगशाळेत केल्पची सूक्ष्म रोपे कोट्यवधींच्या संख्येने वाढवून ती समुद्रतळाशी सोडण्याची पद्धत बसवली. वर्षामागून वर्षे गेली. लावलेले वाहून जाई, खाल्ले जाई, वादळात तुटे. ते पुन्हा लावले जाई. या काळाचे त्यांचे वार्षिक अहवाल वाचणाऱ्याला चिकाटीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास पालोस व्हर्डेसला लहानसा केल्पचा पट्टा तग धरून राहिला आणि त्यातून अरण्य पसरू लागले. श्रेय कोणाचे, यावर मतभेद झाले आणि ते रास्त होते. याच वर्षांत सांडपाण्यावरील प्रक्रिया सुधारली, त्यातील घन पदार्थ घटले, पाणी निवळले. डीडीटी बनवणाऱ्या कारखान्याचे विषारी पाणी त्याच नळांतून जात असे, तेही १९७१ मध्ये बंद झाले. जपानी ग्राहकांसाठी सी अर्चिनची अंडी विकण्याचा धंदा कॅलिफोर्नियात सुरू झाला आणि पाणबुड्यांना या प्राण्याचे पैसे मिळू लागले. नळाचे पाणी सुधारले नसते तर लागवड व्यर्थ गेली असती. लागवड नसती तर स्वच्छ पाण्यातही बीज दुरून येईपर्यंत किती काळ लोटला असता कोण जाणे. अरण्य परतले ते या सर्वांच्या जुळणीने.

१९७१ मध्ये नॉर्थ यांनी संपादित केलेला महाकेल्पच्या जीवशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि या विषयात तो आधारभूत ठरला. त्यांचे सर्वच बेत असे फळले नाहीत. तेलटंचाईच्या त्या दशकात खोल समुद्रात तरंगत्या सांगाड्यांवर केल्पची शेती करून त्यापासून इंधनवायू मिळवण्याची कल्पना अमेरिकी नौदलातील हॉवर्ड विलकॉक्स यांनी मांडली आणि नॉर्थ तिच्यात हिरिरीने उतरले. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याबाहेर एक प्रायोगिक सांगाडा उभारून त्यावर शंभराच्या आसपास झाडे लावली गेली. वादळांनी काही महिन्यांत ती नेली. तेल पुन्हा स्वस्त झाले आणि कल्पना मागे पडली. वीज कंपन्यांसाठीही त्यांनी काम केले. दियाब्लो कॅनियन येथील अणुवीज केंद्राचे गरम पाणी सागरी जीवनावर काय परिणाम करते, याचा दीर्घ अभ्यास त्यांच्याकडे होता. उद्योगांचा पैसा घेणाऱ्या शास्त्रज्ञाकडे पर्यावरणवादी साशंकतेने पाहतात. नॉर्थ यांच्या बाबतीत एवढे नोंदवता येते की मोजमाप करण्यासाठी ते स्वतः पाण्यात उतरत.

१९८२-८३ च्या एल निनोने उबदार पाणी आणि प्रचंड लाटा आणल्या आणि वर्षानुवर्षे जोपासलेली अरण्ये पुन्हा उन्मळली. उबदार पाण्यात नायट्रेट जवळपास नसते, त्यामुळे केल्प उपासमारीने झडते. या खेपेला मात्र पाणी थंड झाल्यावर बहुतेक ठिकाणी ते आपणहून परतले. बीज जवळपास शिल्लक होते.

नॉर्थ १९९२ मध्ये कॅलटेकमधून निवृत्त झाले आणि २० डिसेंबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले. सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्रामुळे केल्पचे जे नुकसान झाले त्याची भरपाई म्हणून वीज कंपनीला सॅन क्लेमेंटेसमोर दगडांचे कृत्रिम खडकतळ उभारावे लागले. पहिला २२ एकरांचा प्रायोगिक भाग १९९९ मध्ये झाला, २००८ मध्ये आणखी सुमारे दीडशे एकर वाढवले गेले आणि त्याला व्हीलर नॉर्थ यांचे नाव देण्यात आले. २०२० पर्यंत हा विस्तार साडेतीनशे एकरांपलीकडे गेला. वीज केंद्र तोवर कायमचे बंद झाले होते. २०१४ नंतर उत्तर कॅलिफोर्नियात समुद्र तापला, सी अर्चिन खाणारे मोठे तारामासे रोगाने मेले आणि तेथील केल्पचे नव्वद टक्क्यांहून अधिक छत नाहीसे झाले. पालोस व्हर्डेससमोर जांभळ्या सी अर्चिननी व्यापलेल्या खडकांवर स्थानिक पाणबुडे २०१३ पासून पुन्हा तळाशी जाऊ लागले आहेत. त्यांच्या हातात हातोडे असतात.