जखमेपासून दाताच्या मुळापर्यंत : हेन्री डेकिन

पावसाळा लागला की जालना जिल्ह्यातल्या गावोगावी सार्वजनिक विहिरींत टीसीएल पावडर टाकली जाते. त्या पावडरीचेच एक भावंड जालना शहरातल्या दंतवैद्याच्या पिचकारीत असते. रूट कॅनॉल करताना दाताच्या मुळात सोडतात ते सोडियम हायपोक्लोराइट. या दाहक रसायनाला जिवंत शरीराच्या कामी जुंपणारे रसायनशास्त्रज्ञ म्हणजे हेन्री ड्रायस्डेल डेकिन.

डेकिन यांचा जन्म १८८० सालचा, लंडनमधला. शिक्षण लीड्स येथे झाले. पुढे ते न्यूयॉर्कला डॉ. ख्रिश्चन हर्टर यांच्या खासगी प्रयोगशाळेत रुजू झाले. अॅड्रेनलिन कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या पहिल्या संशोधकांत त्यांची गणना होते. दात बधिर करण्याच्या इंजेक्शनात बहुधा हेच अॅड्रेनलिन असते, हा योगायोग मोठा मौजेचा!

पहिले महायुद्ध पेटले आणि डेकिन युरोपात परतले. खंदकांतल्या चिखलाने माखलेल्या जखमा सडत, हातपाय कापावे लागत, तरीही अनेक सैनिक दगावत. त्या काळची तीव्र जंतुनाशके जंतूंबरोबर पेशीही जाळीत. डेकिन यांनी दोनशेहून अधिक द्रव्ये तपासली. हायपोक्लोराइट जुनेच होते. त्यातला जादा अल्कली त्वचेला पोळतो, ही खरी अडचण त्यांनी हेरली. बोरिक अॅसिडने तो मारून त्यांनी सुमारे अर्धा टक्का तीव्रतेचे सौम्य द्रावण सिद्ध केले. ते मृत पेशी विरघळवी. मात्र त्याचा जोर लवकर ओसरे. म्हणून फ्रान्समधील काँपिएन्य येथील रुग्णालयात नोबेल विजेते शल्यविशारद अॅलेक्सिस कॅरल यांनी रबरी नळ्यांतून दर दोन तासांनी जखमेत ताजे द्रावण सोडण्याची पद्धत बसवली. कॅरल यांचा गवगवा अधिक झाला. डेकिन स्वभावतः संकोची, प्रसिद्धीपासून चार हात दूर राहणारे होते.

१९१६ मध्ये त्यांनी हर्टर यांच्या विधवा पत्नी सुसान यांच्याशी विवाह केला. हडसन नदीकाठच्या घरातील प्रयोगशाळेत अमिनो आम्लांवर काम करीत त्यांनी उरलेले आयुष्य काढले. १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्याआधीच, १९४०च्या दशकात, अमेरिकी दंतवैद्य लुई ग्रॉसमन यांनी मुळाच्या सफाईसाठी हायपोक्लोराइटचा पुरस्कार केला होता. मुळातील नलिका केसासारखी बारीक, तिला आडवाटा फार; सुईसारखी हत्यारे तिच्या सर्व भिंतींना भिडत नाहीत. तिथे द्रावणच पोहोचते. आज अर्ध्या टक्क्यापासून पाच-सहा टक्क्यांपर्यंत तीव्रता वापरली जाते. सौम्य द्रावणही पुनःपुन्हा बदलल्यास परिणाम साधते, हे काँपिएन्यचेच सूत्र. शिवाय अल्ट्रासोनिक कंपनांनी ते ढवळतात आणि भिंतींवरचा चिकट थर काढण्यास ईडीटीए वापरतात. मात्र द्रावण मुळाच्या टोकापलीकडे गेले, तर असह्य वेदना होऊन चेहरा सुजतो. म्हणून दातावर रबर डॅम चढवून, सुई नलिकेत घट्ट न रुतवता, दंतवैद्य पिचकारी सावकाश दाबतो.