मंडई, म्युनिसिपालिटी आणि जोतीराव फुले

शहराच्या भर वस्तींतील एखादी मोकळी जागा म्युनिसिपालिटीच्या ठरावानें बदलली म्हणजे नव्या इमारतीची वाहवा करणारे पुष्कळ निघतात. परंतु तो पैसा कोणाच्या खिशांतून आला आणि त्या जागेवर पोट भरणाऱ्यांस कोणी विचारलें, हें पाहणारा सभासद विरळाच. असा एक सभासद पुणें शहरास लाभला होता. आमचे व्यापारी वाचक ज्या मंडईंत रोज जातात तिच्यावर त्यांचेंच नांव आहे. पण ती मंडई बांधूं नये असें त्यांचें मत होतें, हें फार थोड्यांस ठाऊक असेल.

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म सन १८२७ चा. घराण्याचें मूळ आडनांव गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले हें नांव पडलें. भाजीची पाटी बाजारांत येईपर्यंत तिच्यामागें किती घाम गळतो हें त्यांस कोणी शिकविण्याची गरज नव्हती. सन १८४८ मध्यें बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली. १८६८ मध्यें आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. १८७३ मध्यें सत्यशोधक समाज स्थापिला. येथपर्यंतची हकीकत सर्वश्रुत आहे. मात्र जोतीराव कंत्राटदारहि होते आणि कात्रजच्या बोगद्याचें काम त्यांच्या हातचें होतें, ही गोष्ट चरित्रें वाचणारे बहुधा विसरतात. दगड, चुना व मजुरी यांचा हिशेब जाणणारा हा गृहस्थ होता. तेव्हां इमारतींचें महत्त्व न कळून त्यानें विरोध केला असें म्हणण्यास जागा नाहीं.

सन १८७६ मध्यें ते पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद झाले. ती जागा निवडणुकीची नव्हे, सरकारी नेमणुकीची होती. आणि नेमलेल्या सभासदानें नेमणाऱ्याची मर्जी सांभाळावी हा त्या काळचा शिरस्ता. तो त्यांनीं पाळला नाहीं. व्हाइसरॉय लिटनसाहेबांच्या स्वागतास हजार रुपये खर्चण्याचा प्रश्न आला तेव्हां, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाकडे लावावा म्हणून विरुद्ध मत देणारे सभेंत ते एकटेच होते. शहरांत दारूचीं दुकानें वाढूं लागलीं तेव्हां १८८० मध्यें त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या अधिकाऱ्यांस लेखी हरकत कळविली. कोणत्या रस्त्यावर कोणतें दुकान असावें हा निव्वळ परवान्याचा प्रश्न नसून शेजारच्या घरांचा प्रश्न आहे, ही दृष्टि त्या काळीं नवी होती.

पण खरी कसोटी मंडईची. त्या वेळीं भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या मैदानांत उघड्यावर भरे. तो उठवून शुक्रवार पेठेंत मोठी थोरली पक्की इमारत बांधावी असें ठरूं लागलें. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनीं याला विरोध केला. एवढी रक्कम बहुजनांच्या शिक्षणाकडे जावी असें त्यांचें म्हणणें. तें मानलें गेलें नाहीं. सन १८८६ मध्यें मंडई उघडली व तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें.

या वादांत आम्ही सर्वस्वीं जोतीरावांच्या बाजूचे नाहीं. चिखलांत मांडलेली भाजी खाऊन शहर निरोगी राहत नाहीं, आणि पावसांत भिजणाऱ्या माळणीच्या डोक्यावर छप्पर घालणें हेंहि लोकहितच होय. राष्ट्रीय सभेविषयींचीं त्यांचीं मतेंहि आम्हांस पटत नाहींत. परंतु म्युनिसिपालिटीच्या उत्पन्नाचा मोठा भाग त्या काळीं जकातीचा होता. जकात धान्याच्या पोत्यावर बसे, म्हणजे ती मोलमजुरी करणाराहि भरी. मग त्या पैशांतून त्याच्या मुलाची शाळा आधीं कीं आठ बाजूंची शिखरबंद इमारत आधीं, हा सवाल आमच्या मतें बिनतोड होता. ज्याचा बाजार हलवावयाचा त्याचा प्रतिनिधि सभेंत नाहीं, हा दोष तर त्याहून मोठा. सन २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानें नगर पथविक्रेता समितींत विक्रेत्यांनींच निवडलेले शेंकडा चाळीसपेक्षां कमी नसतील इतके सभासद असावे असें ठरविलें. मंडई उघडल्यापासून १२८ वर्षांनीं! आणि तरीहि समितीच्या सभेपूर्वींच हातगाड्या उचलण्याचे हुकूम सुटले तर विक्रेत्यांनीं दाद मागण्यास कचरूं नये. कायदा त्यांच्याच बाजूचा आहे.

जोतीराव १८९० च्या नोव्हेंबरांत वारले. पुढील हकीकत पुणेंकरांस फारशी भूषणावह नाहीं. सन १९२४ मध्यें याच मंडईपाशीं लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. तें योग्यच झालें. पण दुसऱ्याच वर्षीं केशवराव जेधे यांनीं जोतीरावांच्या पुतळ्याची सूचना म्युनिसिपालिटींत आणली तेव्हां ती फेटाळली गेली. शहराच्या चौकांत एका थोर पुरुषास जागा आहे आणि दुसऱ्यास नाहीं, असा निवाडा मतांच्या मोजणीनें झाला व त्यावरून शहरांत जें वैर माजलें तें कित्येक वर्षें शमलें नाहीं. अखेर १९३८ मध्यें आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानें रेसाहेबांचें नांव जाऊन त्या इमारतीस महात्मा फुले मंडई हें नांव मिळालें. भाजीवाल्या मात्र तेव्हांहि आंतल्या गाळ्यांत होत्या तशाच बाहेर पायऱ्यांखालीं, रस्त्याच्या कडेलाहि बसत होत्या; आणि आजहि बसतात.