वालचंद हिराचंद: ‘प्रीमियर पद्मिनी’च्या कारखान्यामागचा माणूस

आमच्या सोनाळ्याकडे ‘काळीपिवळी’ म्हटलं की खच्चून भरलेली जीप डोळ्यांसमोर येते. मुंबईत याच शब्दाचा अर्थ वेगळा. तिथे काळीपिवळी म्हणजे टॅक्सी, आणि कित्येक वर्षं ही टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. गाडी कुर्ल्यात बनायची. टॅक्सी म्हणून धावायची, तशीच लाखो मध्यमवर्गीय घरांची पहिली फॅमिली कारही हीच होती. ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या टॅक्सी ताफ्यातून कायमची गेली. तेव्हा रील्स खूप फिरल्या, पण कारखाना उभा करणाऱ्या माणसाबद्दल फारसं कोणी बोललं नाही. त्यांचं नाव शेठ वालचंद हिराचंद.

सीईटीनंतर कॅप राउंडचा फॉर्म भरताना ‘वालचंद, सांगली’ हे ऑप्शन आपल्यापैकी अनेकांनी वर टाकलेलं असतं. मीही टाकलं होतं. ते कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, तेच हे वालचंद. चला, त्यांची गोष्ट बघूया.

सोलापूरचा कंत्राटदार

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ ला सोलापुरात झाला. घर गुजराती जैन व्यापाऱ्याचं, धंदा कापसाचा आणि सावकारीचा. कॉलेजचं शिक्षण मुंबई आणि पुण्यात सुरू झालं, पण डिग्री पूर्ण झाली नाही. घरच्या पेढीत त्यांचं मन रमेना. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेचं एक छोटं काम घेतलं. फाटकांकडे कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस.

तिथून कामं वाढत गेली. भोर घाटात रेल्वेचे बोगदे झाले, मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसाच्या पाइपलाइनचं काम झालं. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. मुंबईचा वांद्रे-वरळी सी-लिंक याच कंपनीने बांधला. लहानपणी खाल्लेलं रावळगाव चॉकलेट आठवतं का? मालेगावजवळचा तो कारखानाही त्यांचाच.

जहाज घेतलं आणि अडचणी सुरू झाल्या

१९१९ मध्ये वालचंद आणि त्यांच्या साथीदारांनी ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ नावाचं जहाज विकत घेतलं आणि सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ ला हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघालं. म्हणूनच आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो.

त्या काळी भारतातली समुद्री वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. नवीन खेळाडू आला की त्या भाडं इतकं खाली आणायच्या की त्याने दुकान बंद करावं. सिंधिया मात्र टिकली. इथे वालचंद एक गोष्ट शिकले असावेत असं मला वाटतं. तुमच्याकडे पैसा आहे, माणसं आहेत, ग्राहक आहेत, तरीही नियम दुसऱ्याच्या हातात असतील तर काम अडतं. कारच्या बाबतीत त्यांना हेच पुन्हा भोगावं लागलं.

विमानाला होकार, कारला नकार

भारतात तेव्हा कार ‘बनत’ नव्हती, फक्त ‘जुळत’ होती. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत असेंब्ली सुरू केली होती, त्यानंतर फोर्डही आली. सुटे भाग परदेशातून पेट्यांमध्ये यायचे आणि इथे जोडले जायचे. याला सीकेडी किट म्हणतात. पीसीचे पार्ट्स ऑनलाइन मागवून घरी असेंबल करतो ना, तसंच. पीसी तुम्ही जोडला, पण प्रोसेसर काही तुम्ही बनवला नाही.

इथेच कार बनवायचा कारखाना काढावा, हा आग्रह सर विश्वेश्वरय्या यांनी धरला होता. वालचंदांनी ते मनावर घेतलं. फोर्डशी बोलणी केली, ती जुळली नाहीत. मग १९४० मध्ये क्रायसलरशी करार झाला. पण दुसरं महायुद्ध सुरू होतं. परदेशी मशीनसाठी डॉलर हवे, जहाजात जागा हवी आणि दोन्हीसाठी सरकारची परवानगी हवी. कारचा कारखाना युद्धाच्या कामाचा नाही, असं म्हणत सरकारने मदत नाकारली.

गंमत बघा, त्याच १९४० मध्ये वालचंदांनी म्हैसूर संस्थानच्या साथीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली. विमानाचा कारखाना होऊ शकला, कारचा नाही! कारण विमानं सरकारला लागत होती. १९४२ मध्ये सरकारने त्यांचा वाटाही विकत घेतला. आजची एचएएल ती हीच.

वालचंद थांबले नाहीत. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ, डिसोटो ही क्रायसलरची नावं होती. सुरुवात इथेही किट जोडूनच झाली, पण एकेक भाग हळूहळू इथे बनवायचा, असा बेत होता.

पद्मिनी त्यांनी पाहिलीच नाही

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघात झाला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभार सोडला. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमधल्या सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे भाग इथे बनवण्याची योजना आहे, त्यांनीच गाड्या काढायच्या. जनरल मोटर्स आणि फोर्डने गाशा गुंडाळला. प्रीमियर टिकली, कारण किटच्या पुढे जायची तयारी वालचंदांनी करून ठेवली होती. इटलीच्या फियाटशी करार होऊन १९५४ पासून कुर्ल्यात फियाट ११०० बनू लागली. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ मॉडेल आलं आणि तेच सत्तरच्या दशकात आधी प्रीमियर प्रेसिडेंट, मग प्रीमियर पद्मिनी झालं. १०८९ सीसीचं इंजिन, स्टीअरिंगजवळ गिअरचा दांडा आणि पुढे बाकासारखं अख्खं सीट. बुकिंग केल्यावर गाडी हातात यायला वर्षं लागायची.

आता दुसरी बाजू. परवाना पद्धतीमुळे स्पर्धा नव्हती, म्हणून गाडीत बदलही फार झाले नाहीत. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि लोकांना फरक कळला. तरी पद्मिनी २००० च्या आसपासपर्यंत बनत राहिली. भाग इथे बनू लागले, पण मूळ डिझाइन शेवटपर्यंत फियाटचंच राहिलं. १९९८ मध्ये टाटांची इंडिका पुण्यात आली, तेव्हा कुठे भारतीय कंपनीने स्वतः विकसित केलेली फॅमिली कार लोकांना मिळाली.

आपल्याला यातून काय समजतं?

माझ्या मते वालचंदांची गोष्ट तीन पायऱ्यांची आहे: आधी जोडणं, मग भाग बनवणं, मग डिझाइन करणं. त्यांनी आपल्याला पहिल्या पायरीवरून दुसरीकडे ढकललं, तेही सरकार विरोधात असताना. तिसरी पायरी चढायला प्रीमियरच्या पुढच्या लोकांकडे वेळ होता, पैसा होता, ग्राहकही रांगेत उभे होते. ती चढली गेली नाही.

आज तुमच्या फोनच्या बॉक्सवर ‘मेड इन इंडिया’ लिहिलेलं असेल, तर हीच मोजपट्टी लावून बघा. जोडणी इथली आहे, पण चिप कुठली? डिस्प्ले कुठला? डिझाइन कुणाचं? बहुतेक फोनच्या बाबतीत आपण अजून पहिल्या पायरीवर आहोत, दुसरीवर पाय ठेवतोय. पहिली पायरी वाईट नाही, कुर्ल्याची सुरुवातही तिथूनच झाली होती. फक्त तिथेच थांबायचं नाही.