सोयाबीनमधून आलेले औषध

सोरायसिस किंवा इसबाच्या रुग्णांना स्टेरॉइडचे मलम परिचयाचे असते. हे औषध स्वस्त झाले, त्यात पर्सी ज्युलियन या कृष्णवर्णीय अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे.

ज्युलियन यांचा जन्म १८९९ मध्ये अलाबामातील माँटगोमेरीत झाला. त्यांचे आजोबा गुलाम होते. १९३१ मध्ये व्हिएन्नात पीएच.डी. मिळवूनही वर्णामुळे त्यांना प्राध्यापकपद नाकारले गेले. मग ते शिकागोत ग्लिडन कंपनीत रुजू झाले. तिथे त्यांनी सोयाबीन तेलातील स्टेरॉल वेगळे करून त्यापासून हार्मोन बनवले. १९४९ मध्ये त्यांनी ‘सब्स्टन्स एस’ तयार करण्याची सोपी रीत शोधली. त्यात ऑक्सिजनच्या एका अणूची भर पडली की हायड्रोकॉर्टिसोन होते.

१९५० मध्ये ओक पार्कमधील त्यांचे नवे घर पेटवण्याचा प्रयत्न झाला. पुढच्या वर्षी डायनामाइट फेकले गेले. ज्युलियन तिथेच राहिले. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

हायड्रोकॉर्टिसोन सौम्य असते. सोरायसिसच्या जाड, चिवट चट्ट्यांना अधिक तीव्र स्टेरॉइड लागते. ते मनाने फार दिवस लावल्यास त्वचा पातळ होते, एकदम थांबवल्यास आजार उसळू शकतो. म्हणून मलम कोणते आणि किती दिवस, हे त्वचारोगतज्ज्ञांनाच ठरवू द्यावे.