अण्णा मुरूडला आले

मुलांनो, ईदच्या सुट्टीत मुंबईला नोकरी करणारे चाचा आपल्या शिरगावात येतात. पालघर स्टेशनवर उतरून एस.टी. धरतात. दारात पाऊल टाकले की घर कसे भरून जाते, हे तुम्हांला ठाऊकच आहे. आता अशा एका माणसाची गोष्ट ऐका, जो पत्नीला घेऊन आपल्या गावी आला आणि गावाने सभा भरवून त्याला दूर लोटले. त्यांचे नाव महर्षी धोंडो केशव कर्वे. लोक त्यांना अण्णा म्हणत.

अण्णांचा जन्म १८५८ साली झाला. त्यांचे गाव मुरूड. ते रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ आहे. आपल्या शिरगावासारखेच समुद्राकाठचे, नारळी-पोफळींचे गाव. घरची गरिबी होती. गावात सोमण गुरुजी होते. त्यांनी अण्णांना शिकवले, चांगल्या कामाची गोडीही लावली. लहानगा धोंडू देवळात जमलेल्या लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवी.

१८७५ साली परीक्षेसाठी तो साताऱ्याला निघाला. शंभर मैलांहून अधिक वाट, मध्ये सह्याद्रीचा घाट, आणि प्रवास पायी! पण मुलगा अंगाने लहानखुरा. त्याला सतरा वर्षे पूर्ण झाली आहेत, हे साहेबांना पटेना. परीक्षेला बसूच दिले नाही. तेवढीच वाट तुडवून तो रिकाम्या हाताने परतला. पुढच्या वर्षी त्याने ती परीक्षा दिली आणि तो पास झाला.

पुढे अण्णा मुंबईत शिकले. पण मुरूडला विसरले नाहीत. गावाच्या उपयोगासाठी त्यांनी मुरूड फंड सुरू केला. स्वतःच्या मिळकतीतला भाग ते त्यात टाकत. १८९१ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांची पत्नी राधाबाई वारली.

१८९३ साली त्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केले. यात काय विशेष, असे तुम्हांला वाटेल. आपल्याकडे बेवा स्त्रीचा निकाह होतो. पण त्या काळी ब्राह्मण समाजात विधवेचे पुन्हा लग्न म्हणजे मोठा अपराध. १८५६ च्या कायद्याने परवानगी दिली होती, लोकांनी दिली नव्हती.

लग्नानंतर दोघे मुरूडला आले. गावकऱ्यांची सभा भरली. कर्व्यांबरोबर एका बैठकीवर बसू नये, ते असतील त्या सभेला जाऊ नये, असे ठरले. आणखी एक गोष्ट ठरली, आणि मला ती सर्वांत कठोर वाटते. अण्णा भावाच्या घरी उतरले, तर त्या भावालाही वाळीत टाकायचे. वाळीत टाकणे म्हणजे सर्व व्यवहार तोडणे. शिक्षा फक्त अण्णांना असती, तर त्यांनी ती सोसली असती. पण आता आईच्या घरात राहायचे, तर घरच्यांवर संकट यायचे! ज्यांना त्यांनी वर्तमानपत्र वाचून दाखवले, तीच ही माणसे.

अण्णा पुण्याला परतले. त्यांनी १८९६ साली विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. पुढे हिंगण्याला आश्रमाची झोपडी उभी राहिली. तेथून ते कॉलेजात पायी जात. १९१६ साली त्यांनी महिलांचे विद्यापीठ स्थापन केले. गोदूबाई आता आनंदीबाई झाल्या होत्या. त्यांनीही आश्रमासाठी वर्गणी गोळा केली.

१९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, अण्णांना भारतरत्न मिळाले. १९६२ साली ते वारले. आज मुरूडमध्ये त्यांचा पुतळा आहे.