उपपंतप्रधान झालेल्या यशवंतरावांना काँग्रेसच्या दारात ताटकळावं लागलं

सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावून गेला, असं महाराष्ट्रात आजही अभिमानाने सांगितलं जातं. गोष्ट १९६२ सालची. चीनने आक्रमण केलं, आपल्या सैन्याची पीछेहाट झाली आणि कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रीपद सोडावं लागलं. नेहरूंनी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीत बोलावून घेतलं.

देवराष्ट्रे गावात १९१३ साली जन्मलेल्या यशवंतरावांचे वडील लहानपणीच गेले. आई विठाबाईंनी काबाडकष्ट करून मुलांना वाढवलं. तोच मुलगा पुढे नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेला. १९६५ च्या युद्धात संरक्षण खातं त्यांच्याकडेच होतं. मग गृह, अर्थ, परराष्ट्र अशी एकेक मोठी खाती त्यांना मिळाली.

पण १९६९ साली पेच पडला. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीवरून काँग्रेसमध्ये दोन गट झाले. संसदीय मंडळात यशवंतरावांनी इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डींच्या बाजूने मत दिलं. पक्ष फुटला तेव्हा मात्र ते इंदिराजींसोबत राहिले. १९७० मध्ये त्यांच्याकडचं गृहखातं इंदिराजींनी स्वतःकडे घेतलं. यशवंतराव कुंपणावर बसतात, ही टीका त्यांना कायमची चिकटली.

आणीबाणीनंतर १९७८ मध्ये पक्ष पुन्हा फुटला. या वेळी त्यांनी इंदिराजींची साथ सोडली. जुलै १९७९ मध्ये त्यांनी मोरारजी देसाई सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला आणि ते सरकार गेलं. राष्ट्रपतींनी सरकार बनवण्यासाठी आधी यशवंतरावांनाच विचारलं, पण त्यांच्याकडे संख्याबळ नव्हतं. चरणसिंह पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. हे सरकार महिनाभरही टिकलं नाही. संसदेला सामोरं न जाताच चरणसिंहांनी राजीनामा दिला.

१९८० च्या निवडणुकीत इंदिरा लाट आली. यशवंतराव साताऱ्यातून जिंकले, पण महाराष्ट्रात त्यांच्या पक्षाचे ते एकटेच खासदार होते. अखेर त्यांनी इंदिरा काँग्रेसमध्ये परतायचं ठरवलं. त्यासाठीही त्यांना कित्येक महिने वाट पाहावी लागली. प्रवेश मिळाला, पण मंत्रिपद मिळालं नाही. आठव्या वित्त आयोगाचं अध्यक्षपद तेवढं वाट्याला आलं.

१९८३ मध्ये पत्नी वेणूताई गेल्या आणि ते आतून खचले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

दिल्लीच्या राजकारणात त्यांची उमेद मावळली. महाराष्ट्रात मात्र पंचायत राज आणि सहकाराची जी घडी त्यांनी बसवली, तिच्यावर पुढच्या कित्येक नेत्यांचं राजकारण उभं राहिलं.