जॉर्ज श्रेड

जॉर्ज श्रेड (मृत्यू १९४०) हे अमेरिकन संशोधक आणि चाकू-उत्पादक होते. कळ दाबताच स्प्रिंगच्या जोराने उघडणारे चाकू युरोपात अठराव्या शतकापासून बनत होते; मात्र कारागीर ते हाताने एकेक घडवत. अमेरिकेत हे चाकू कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागले, ते मुख्यतः श्रेड यांच्या प्रयत्नांमुळे.

वॉल्डनमधील काळ

श्रेड यांनी १८९२ मध्ये कळीच्या चाकूचे पेटंट मिळवले. त्यानंतर न्यू यॉर्क राज्यातील वॉल्डन नाइफ कंपनीत त्यांच्या देखरेखीखाली या चाकूचे उत्पादन होऊ लागले. पुढे हक्क त्या कंपनीकडे गेले. १९०४ मध्ये लुई आणि विल्यम या भावांसह त्यांनी वॉल्डन येथेच श्रेड कटलरी कंपनी स्थापन केली आणि स्वतःच्याच जुन्या चाकूशी स्पर्धा करणारी नवी रचना तयार केली.

चाकूची रचना

या प्रकारच्या चाकूत पाते हाताने मिटताना स्प्रिंग ताणली जाते. कळीला जोडलेला खटका पात्याच्या बुडाशी असलेल्या खाचेत बसतो आणि पाते मुठीत अडकून राहते. कळ दाबली की खटका सुटतो व स्प्रिंग पात्याला बाहेर ढकलते. पाते पूर्ण उघडल्यावर खटका दुसऱ्या खाचेत बसतो, त्यामुळे काम करताना ते बोटांवर मिटत नाही. मिटण्यासाठी कळ पुन्हा दाबावी लागते. चाकू खिशात आपोआप उघडण्याचा धोका टाळण्यासाठी श्रेड यांनी नव्या रचनेत कळ अडवून धरणारी सरकपट्टी बसवली.

युरोप आणि पुनरागमन

भावांना आपला हिस्सा विकून श्रेड युरोपात गेले आणि जर्मनीतील झोलिंगन येथे त्यांनी उत्पादन सुरू केले. पहिल्या महायुद्धात तेथील मालमत्ता सरकारने जप्त केल्यामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले. तेथे त्यांनी चॅलेंज कटलरीसाठी 'फ्लायलॉक' हा चाकू विकसित केला. पुढे ब्रिजपोर्ट येथे त्यांनी जॉर्ज श्रेड नाइफ कंपनी काढली. तिचा 'प्रेस्टो' हा चाकू प्रसिद्ध झाला.

वारसा

श्रेड यांच्या मृत्यूनंतर, दुसऱ्या महायुद्धात, त्यांच्या कंपनीने अमेरिकी हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी एम-२ हा चाकू बनवला. एका हाताने दोर कापता येणे हा त्याचा उपयोग होता. १९५० च्या दशकात मात्र चित्रपट आणि वृत्तपत्रांमुळे असा चाकू तरुणांच्या टोळ्यांचे शस्त्र म्हणून ओळखला जाऊ लागला. १९५८ च्या संघीय कायद्याने त्याच्या आयातीवर व आंतरराज्य व्यापारावर बंदी घातली. सशस्त्र दले, तसेच एकच हात असलेल्या व्यक्तींजवळील ३ इंचांपर्यंतच्या पात्याचे चाकू यांना तीतून सूट मिळाली. ज्या सोयीसाठी श्रेड यांनी आयुष्यभर काम केले, ती या अपवादांत मान्य झाली.